तळेघरची वाट आणि उसातली पिल्ले

पुण्याहून नाशिक रस्त्याने मंचरला यावे, तेथून डावीकडे घोडेगावला वळावे आणि डिंभे धरणाच्या कडेकडेने वर चढत राहावे. भीमाशंकरच्या अलीकडे तळेघर लागते. दर्शनाला जाणाऱ्या गाड्या येथे चहापुरत्या थांबतात आणि निघून जातात. दवाखाना, शाळा, रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकाने, मागे भातखाचरे आणि त्यामागे हिरड्याची झाडे असलेले डोंगर, एवढाच या गावाचा पसारा. थांबून पाहण्यासारखे येथे काही नाही असे त्या गाडीवाल्यांना वाटत असावे. आम्ही यंदाच्या जानेवारीत येथे दोन दिवस राहिलो.

निमित्त असे झाले. आमच्या कचेरीतले एक सहकारी तळेघरजवळच्या एका वाडीचे, महादेव कोळी समाजाचे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावे कसे भरायचे, कोणता कागद कोणत्या कागदाला जोडायचा, हे वाडीतल्या लोकांना समजावून सांगण्यासाठी त्यांनी आम्हा तिघांना नेले. आमच्यापैकी दोघे कारकून आणि तिसऱ्या ताई ऊसतोड बायांमध्ये काम करणाऱ्या. जन्मभर फायली बांधल्या, त्या कलेचा एवढा तरी उपयोग व्हावा.

रात्री जेवणे झाल्यावर चुलीपुढे गोष्टी निघाल्या. सहकाऱ्यांची आई सत्तरीच्या पुढची. तिने वाघबारसेची हकिकत सांगितली. दिवाळीच्या तोंडावर, वसुबारसेच्या दिवशी, गुराखी पोरे वाघोबाच्या ठाण्यापुढे जमतात, खीर शिजवतात आणि गुरांना सांभाळ म्हणून त्याला विनवतात. येथे वाघ म्हणजे बिबट्याच. दगडाला शेंदूर लावून वाघ आवरतो असे आमचे मत नाही, आणि आम्ही ते त्या माउलीपुढे लपवलेही नाही. ती हसली. म्हणाली, "आमच्या रानात वाघ हाय. पर त्यो आमाला दिसत न्हाय आन् आमी त्याच्या वाटंला जात न्हाय. खाली उसात ऱ्हातो त्यो वाघ येगळा."

हे ऐकत बसलेला तिचा नातू सातवीतला. त्याने आम्हाला एक प्रश्न टाकला. त्यांच्या गुरुजींनी वर्गात सांगितले होते, की अरुणाचल प्रदेशात अस्वलाची पोरकी पिल्ले माणसे वाढवतात आणि मोठी झाली की जंगलात सोडून देतात. मग खाली उसात बिबट्याची पिल्ले दर वर्षी सापडतात, ती आपण का वाढवत नाही? वाढवून भीमाशंकरच्या जंगलात का सोडत नाही? प्रश्न साधा होता, पण उत्तर देता देता रात्रीचे अकरा वाजले. आमच्यातल्या ताईंना या विषयाची माहिती होती. पुढे आम्ही स्वतःही थोडी मिळवली. ती वाचकांपुढे ठेवतो.

आमच्या वयाच्या वाचकांना दरवेशी आठवत असेल. वस्तीत डमरू वाजला की आम्ही पोरे धावत सुटायचो. नाकात दोरी घातलेले अस्वल मागच्या पायांवर उभे राही, सलाम करी, कुस्ती खेळे. पोराला भीती वाटू नये म्हणून आया दरवेश्याकडून अस्वलाचा केस घेऊन ताईत करीत. तेव्हा ठाऊक नव्हते ते आता ठाऊक आहे. ते अस्वल पिल्लू असताना त्याच्या आईला मारून जंगलातून आणलेले असे. तापवलेल्या सळईने त्याच्या नाकाडाला भोक पाडीत, सुळे तोडीत, नखे काढीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असे अस्वल बाळगणे गुन्हा ठरला, पण खेळ पुढेही बरीच वर्षे चालू राहिला. वाइल्डलाइफ एसओएस नावाच्या संस्थेने सरकारी वनखात्यांबरोबर ही अस्वले एकेक करून सोडवली. २००९ साली देशातले शेवटचे नाचते अस्वल सुटले असे मानले जाते. सहाशेहून जास्त अस्वले अशी सुटली. ज्या कलंदर कुटुंबांचे पोट त्यांच्यावर होते त्यांना दुसरा धंदा काढून देण्याचे आणि त्यांच्या पोरांना शाळेत घालण्याचे कामही बरोबरीने करावे लागले. हा भाग आम्हाला महत्त्वाचा वाटतो. नुसती दोरी कापून दरवेशी उपाशी ठेवला असता, तर त्याने दुसरे पिल्लू आणले असते.

ती सुटलेली अस्वले मात्र जंगलात गेली नाहीत, जाऊ शकली नाहीत. सुळे नाहीत, नाक फाटलेले, माणसाच्या हातचे खाण्याची सवय लागलेली. आग्र्याजवळ आणि आणखी काही ठिकाणी त्यांच्यासाठी मोठी आवारे केली. तेथेच त्यांचे आयुष्य गेले.

गुरुजींनी सांगितलेली गोष्ट पक्के येथली, अरुणाचलातली. तेथे वनखाते आणि वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया यांनी २००२ पासून हिमालयी काळ्या अस्वलांच्या पोरक्या पिल्लांसाठी केंद्र चालवले. शिकारीत आई मारली जाते, पिल्लू कुणाच्या तरी घरी येते, तेथून ते केंद्रात आणतात. आधी बाटलीने दूध पाजतात. मग एक राखणदार त्याला रोज जंगलात फिरायला नेतो. अगदी तोच माणूस, रोज, महिनोन् महिने. पिल्लू झाडावर चढायला शिकते, फळे हुंगते, कुजलेले ओंडके फोडून किडे खाते. रात्री जंगलातच पिंजऱ्यात झोपते. हळूहळू ते राखणदारापासून लांब लांब जाऊ लागते, आणि एक दिवस परत येत नाही. मग गळ्यातल्या रेडिओ पट्ट्यावरून ते कोठे आहे ते पाहतात. काही पिल्ले जगतात, काही नाही. पण अस्वलाच्या बाबतीत हे जमू शकते, कारण त्याचे बरेचसे पोट फळांवर, मधावर, मुंग्या-वाळवीवर भरते. ते शोधायला त्याचे नाकच त्याला शिकवते.

बिबट्याचे तसे नाही. पिल्लू दीड-दोन वर्षे आईच्या मागे असते. दबा कसा धरायचा, मानेला कोठे धरायचे, कुणाच्या वाटेला जायचे नाही, हे सगळे तो आईकडून शिकतो. माणसाने हाताने वाढवलेला बिबट्या माणसाला भीत नाही, आणि माणसाला न भिणारा बिबट्या गावाशेजारी सोडणे म्हणजे काय, हे सांगायला नको. दुधव्याच्या जंगलात बिली अर्जनसिंग यांनी १९७० च्या दशकात बिबट्याची पोरकी पिल्ले वाढवून सोडली होती, पण ते एका माणसाने सगळे आयुष्य घालून केलेले काम होते. आपल्या गडचिरोलीत हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे यांच्याकडे माडिया लोक शिकारीत पोरकी झालेली पिल्ले आणून देत. अस्वले, बिबटे तेथे माणसांत वाढले आणि माणसांतच राहिले. म्हणून जुन्नर-आंबेगावच्या लोकांनी वेगळा रस्ता धरला. पिल्लू सापडले की ते वाढवायचे नाही. ज्या दिवशी सापडले त्याच दिवशी, त्याच शिवारात, त्याच्या आईला परत द्यायचे.

पोराला हे पटले नाही. "आई येतीच कशावरून?" हा त्याचा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर तळेघरला नव्हते, खाली उसात होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही उतरलो. डिंभ्याचे पाणी उन्हात चमकत होते. या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. बाबू गेनू याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचे, मुंबईच्या गिरणीतले कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे झाले. त्यांच्या नावाच्या या पाण्याखाली बरीच गावे गेली. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव म्हणतात ते मूळ आंबेगावसुद्धा याच पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. आपल्या तालुक्याचे गाव पाण्याखाली आहे हे तालुक्यातल्या कितीतरी पोरांना ठाऊक नसेल.

डिंभे हे कुकडी प्रकल्पातल्या धरणांपैकी एक. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे ही त्याची भावंडे. डोंगरातल्या लोकांच्या जमिनी घेऊन अडवलेले पाणी कालव्यांनी पूर्वेकडे गेले आणि ज्वारी-बाजरीच्या शिवारात ऊस उभा राहिला. घोडेगाव मागे टाकले की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. सुरू ऊस वर्षभर उभा, आडसाली असला तर त्याहून जास्त. माणूस आत शिरत नाही, सावली दाट, पाणी जवळ, आणि काठावर कुत्री, डुकरे, शेळ्या. बिबट्याला आणखी काय हवे? तो येथे वाट चुकून आलेला नाही. आजची बिबटी उसात जन्मलेली, तिची आईही बहुधा उसातच जन्मलेली. म्हातारी म्हणाली तो हा 'येगळा वाघ'.

मंचर ते नारायणगावच्या पट्ट्यात एका गावाच्या शिवाराबाहेर आम्ही थांबलो. ताईंच्या ओळखीची एक टोळी तेथे उतरली होती. बीड आणि नगर (आता अहिल्यानगर) या जिल्ह्यांतले पंधरा-सोळा कोयते. नवरा-बायको मिळून एक कोयता, हे वाचकांना सांगायची गरज नाही. आपल्यातल्या कितीतरी घरांनी तो हिशोब पाहिला आहे. उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. बांबूच्या कामट्या वाकवून त्यावर पाचट आणि ताडपत्री टाकलेल्या कोप्या. पुढे चूल, बाजूला वाढ्यांचा भारा. टोळीत आमच्या समाजाची काही घरे होती. त्यांनी पाणी दिले, मग चहा आला, मग बोलणे निघाले.

हकिकत त्याच हंगामातली, डिसेंबरातली होती. पहाटे पाचला फड सुरू झाला. उजाडल्यावर एका बाईचा कोयता थबकला. पाचटात दोन पिल्ले, मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेली. आई नव्हती. पोरांनी मोबाइल काढले. मुकादम म्हणाला, पोत्यात घाला आणि बांधावर ठेवा, फड थांबवू नका. एका वयस्क बाईने त्याला अडवले. तिने आधीच्या एका हंगामात दुसऱ्या शिवारात हे पाहिले होते. ती म्हणाली, "हात लावू नगा. तिची पिल्लं हितून हलली तर ती हितंच फिरत ऱ्हाईल, आन् रातीला आपली पोरं हितं झोपत्यात." शेतकऱ्याने वनखात्याला फोन लावला. तासा-दोन तासांत वनरक्षक आणि डॉक्टर आले.

पुढचे काम काय असते ते आम्ही टोळीकडून ऐकले आणि नंतर माहितगारांकडून पडताळून घेतले. डॉक्टर हातमोजे घालून पिल्ले तपासतात. अंगात पाणी कमी झाले आहे का, जखम आहे का, गोचीड किती, नर की मादी. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप घालतात. पुढे कधी हे जनावर पकडले गेले तर ते कोठले, केव्हाचे, हे यंत्राने वाचता येते. कधी कधी तपासल्यावर कळते की ही बिबट्याची पिल्ले नाहीतच, रानमांजराची किंवा वाघाटीची आहेत. त्यांनाही तसेच परत ठेवतात. दिवसभर पिल्ले सावलीत जपायची आणि दिवस मावळायच्या सुमारास, जेथे सापडली अगदी तेथेच, एका खोक्यात ठेवायची. समोर कॅमेरा लावायचा, अंधारात आपोआप चित्र टिपणारा. माणसांनी लांब निघून जायचे, टॉर्च नाही, आवाज नाही.

माणसाचा हात लागला की आई पिलाला घेत नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती खरी नाही. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर आणि जुन्नर वनविभाग यांनी गेल्या काही वर्षांत शंभराच्या वर पिल्ले अशी परत दिली आहेत. हे काम ज्यांनी येथे रुजवले त्यांत पशुवैद्य डॉ. अजय देशमुख यांचे नाव घेतले पाहिजे. आई पहिल्याच रात्री येण्याचे प्रसंग भरपूर आहेत. ती आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा खोके ठेवतात.

त्या रात्री ती आली. सकाळी वनरक्षकाने आपल्या मोबाइलवर टोळीला चित्र दाखवले. खोके पंजाने कलंडवले, एक पिल्लू मानेला धरून उचलले, गेली. बऱ्याच वेळाने परत आली आणि दुसरे नेले. ज्या बाईचा कोयता थबकला होता तिला आम्ही विचारले, पाहून काय वाटले? शहरातल्या माणसाला जे उत्तर हवे असते ते तिने दिले नाही. म्हणाली, "ती बी आई, ते खरं. पर आमी ती सगळी रात कोपीत काढली. दाराला काय, नुसतं पोतं. मी रातभर माझीच पोरं मोजीत व्हते."

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. बिबट्याच्या पिल्लांची आणि आईची भेट, तिचे फोटो, हे सगळे वर्तमानपत्रांत येते आणि वाचून बरे वाटते. त्या खोक्यापासून शे-दोनशे पावलांवर पाचटाच्या कोपीत झोपलेली माणसे त्या फोटोत नसतात.

या पट्ट्यात आधी वेगळा उपाय करून पाहिला गेला होता. २००१ पासून जुन्नर भागात बिबटे पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलांत सोडण्याचा सपाटा लागला. वाडीतल्या पोराच्या मनातलाच उपाय. त्याचा हिशोब डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. १९९३ ते २००१ या काळात येथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. धरून सोडणे सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ मध्ये, ही सरासरी १७ वर गेली. ओळखीच्या शिवारातून उचललेले, माणसाच्या हाती सापडून बिथरलेले जनावर अनोळखी जागी सोडले की ते एक तर तेथल्या माणसांना भिडते, नाही तर घराकडे चालू लागते. किती चालते? 'आजोबा' नावाचा बिबट्या आठवा. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या या म्हाताऱ्या नराला गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडले. महिन्याभराच्या आत तो शंभर किलोमीटरहून जास्त चालून मुंबईच्या संजय गांधी उद्यानात पोहोचला. वाटेत रेल्वेचे रूळ, महामार्ग, खाडी, सगळे ओलांडले, आणि कोणाच्या वाटेला गेला नाही. त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपटही निघाला.

तेव्हा पिल्लू आईपासून तोडले की दोन गोष्टी होतात. पिल्लू जन्माचे कैदी होते, आणि पिल्ले गमावलेली आई त्या शिवारात बिथरून फिरते. खोके मांडण्यात जनावराची दया आहे, पण तेवढीच नाही. तो माणसाच्या जिवाचाही बंदोबस्त आहे. टोळीतली ती वयस्क बाई हे कोणत्याही पुस्तकाविना सांगत होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही नारायणगावमार्गे जुन्नरला गेलो. गावाभोवतीच्या डोंगरांत आपली लेणी आहेत, त्यांच्यावर पुन्हा कधी तरी सवडीने लिहू. माणिकडोह धरणाजवळ बिबट निवारा केंद्र आहे. वनखात्याबरोबर वाइल्डलाइफ एसओएस ते सांभाळत आली आहे. म्हणजे अस्वले सोडवणारी तीच संस्था. तिकीट काढून बघायची ही जागा नाही, आम्ही फाटकापर्यंतच गेलो. ते योग्यच आहे असे आम्हाला वाटते. आत बरीच वर्षे तीस-चाळीस बिबटे कायमचे राहत आले. गाडीने उडवलेले, फासात पाय गेलेले, हल्ल्याच्या संशयावरून धरलेले, आणि काही असे, की पिल्लू असताना आई मेली किंवा परत आलीच नाही. त्या शेवटच्यांना जंगल नाही आणि ऊसही नाही. बिबट्या पिंजऱ्यात पंधरा-वीस वर्षे जगू शकतो. एका पिल्लाला पोत्यात घालून बांधावर ठेवण्याची किंमत एवढी असते.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत बिबट्याने तीन जीव घेतले. दोन लेकरे आणि एक वृद्ध बाई. लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला, आणि शेवटी तो बिबट्या गोळीने मारावा लागला. त्यानंतर त्या भागातल्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जाऊ लागल्या. बिबट्यांची संख्या आवरण्यासाठी जुन्नर भागात मोजक्या माद्यांवर नसबंदीचा प्रयोग करण्याची परवानगी केंद्राने दिली. ज्या घरातले पोर गेले त्या घरापुढे उभे राहून पिल्लाच्या आईची माया सांगण्याची आमची छाती नाही. बिबट्याने माणूस मारला तर राज्य सरकार वारसांना २५ लाख रुपये देते. रक्कम लहान नाही. पण ती मेल्यावर मिळते.

जिवंतपणी काय मिळते ते टोळीने सांगितले. पिल्ले सापडली त्या दिवशी फड दुपारीच बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र बघेपर्यंत बंदच राहिला. कोयत्याला टनावर पैसे. ऊस तुटला नाही तर टन नाही, टन नाही तर पैसे नाहीत. उचलीतले तेवढे फिटायचे राहिले. वनरक्षकाला पगार मिळाला, डॉक्टरला मिळाला, आणि मिळालाच पाहिजे. शेतकऱ्याचा ऊस एक दिवस उशिरा गेला, त्याचे फार बिघडले नाही. पिल्ले आईला परत देण्याचा सगळा खर्च मात्र पंधरा-सोळा कोयत्यांच्या अंगावर पडला. मुकादम पोत्यात घाला का म्हणाला, याचे कारण त्याचा दुष्टपणा नव्हे. त्याचा हिशोब तसा होता. हा हिशोब तसाच राहिला, तर पुढच्या फडावर कोणीतरी पिल्ले गुपचूप पाचटात ढकलील आणि कोयता चालू ठेवील.

त्या संध्याकाळी कोपीपुढे बसून आम्ही टोळीच्या वतीने कारखान्याला अर्ज लिहिला. कारखान्याचे नाव येथे देत नाही, कारण सगळीकडचा रिवाज हाच आहे. वनखात्याच्या सांगण्यावरून फड बंद राहील त्या दिवसाची मजुरी सरासरी टनावर द्यावी. बिबट्या किंवा पिल्ले दिसली असतील त्या शिवारात तोड उजाडल्यावर सुरू करावी. कोप्यांच्या तळावर दोन दिवे आणि बायांसाठी एक आडोशाचा संडास असावा, कारण बाई अंधारात उसाच्या काठाला वाकून बसते तेव्हा बिबट्याच्या डोळ्यांना ती लहान जनावरासारखी दिसते. एवढेच मागणे. बायांनी आणखी एक ओळ घालायला लावली, की रात्री गाडी भरायला बाईला एकटीला बोलावू नये. वनखात्याचा १९२६ हा फोन नंबर ताईंनी प्रत्येक कोपीच्या कामटीवर कोळशाने लिहिला. पोरांनी तो पाठ केला. हा नंबर आमच्या वाचकांतल्या ऊसतोड कुटुंबांनीही पाठ करावा. पिल्लू दिसले तर उचलू नये, मोबाइल घेऊन गर्दी करू नये, पोरांना लगेच तेथून हलवावे आणि फोन करावा.

अर्जावर एकतीस सह्या-अंगठे झाले. सोमवारी आमच्यापैकी एकाने रजा टाकून तो कारखान्याच्या कचेरीत नेऊन दिला. आवक-जावकच्या टेबलावर बसलेला कारकून तरुण होता, सभ्य होता. त्याने अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाला, असा अर्ज आमच्याकडे आलेला नाही, मी तो कोणत्या फायलीला लावू? नवीन फाईल उघडा, असे आम्ही सांगितले. त्याने उघडली. विषयाच्या रकान्यात काय लिहावे यावर थोडा वेळ गेला. शेवटी 'बिबट पिल्ले, फड बंद, मजुरीबाबत' असे लिहून त्याने शिक्का मारला आणि पोच आमच्या हातात दिली.